आरंभकाळाशी समेट : जोनी मिचेल यांचे दोन संच

एखाद्या कलावंताच्या सुरुवातीच्या वर्षांतील ध्वनिमुद्रिका एकत्र करून, त्या पुठ्ठ्याच्या भक्कम पेटीत घालून, सोबत छायाचित्रे आणि दीर्घ लेख असलेली पुस्तिका देऊन त्या नव्याने बाजारात आणण्याची प्रथा पाश्चात्त्य ध्वनिमुद्रण व्यवसायात आता चांगलीच रुळली आहे. अशा पेटीला ‘बॉक्स सेट’ म्हणतात. यांपैकी पुष्कळ संच जुन्या चाहत्यांच्या आठवणींवर विसंबून काढलेले असतात आणि कलावंताविषयी नवे असे फारसे काही सांगत नाहीत. कॅनडात जन्मलेल्या जोनी मिचेल या गायिका-गीतकाराच्या आरंभकाळावर २०२० आणि २०२१ या लागोपाठच्या वर्षांत निघालेले दोन संच मात्र याला अपवाद आहेत. पहिल्या संचाने अर्धशतकाहून अधिक काळ अप्रकाशित राहिलेल्या फिती जशा होत्या तशा खुल्या केल्या, तर दुसऱ्याने जगप्रसिद्ध झालेले चार अल्बम तबकड्यांवर पुन्हा आणताना त्यांतील पहिल्या अल्बमची जुनी दुखापत दुरुस्त केली. भूतकाळ उघडा करणे आणि भूतकाळ सुधारणे या दोन्ही गोष्टी कलावंताने स्वतःच्या हयातीत, स्वतःच्या देखरेखीखाली केल्या, म्हणून हे दोन संच एकत्र ठेवून पाहण्यासारखे आहेत.

स्वतः शब्द लिहून, स्वतः त्यांना चाल लावून, स्वतःच्याच वाद्याच्या साथीने ते गाणाऱ्या कलावंताला इंग्रजीत ‘सिंगर-साँगरायटर’ म्हणतात. मराठी भावगीतात ही कामे बहुधा वेगवेगळ्या व्यक्तींकडे असतात. ‘गीतरामायणा’चे शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या आणि आकाशवाणीच्या मूळ प्रसारणात गाणारे गळे अनेक. अमेरिकेतही १९६० पूर्वीच्या लोकप्रिय संगीतात श्रमविभागणी बरीचशी अशीच होती. गाणे लिहिणारा वेगळा, बसवणारा वेगळा आणि गाणारा वेगळा. ती मोडली लोकगीतांच्या पुनरुज्जीवनाच्या चळवळीतून पुढे आलेल्या तरुणांनी. कॉफीहाउस नावाच्या लहान जागांमध्ये, जेथे मद्य बहुधा मिळत नसे आणि श्रोते टेबलाशी बसून कान देऊन ऐकत असत, ही मंडळी प्रथम पारंपरिक गीते गात, आणि मग त्यांच्यापैकी काहींनी स्वतःची गाणी रचायला सुरुवात केली. बॉब डिलन हे त्यांतले सर्वांत गाजलेले नाव; परंतु स्वरयोजनेच्या बाबतीत या पिढीत सर्वांत दूरवर पोहोचल्या त्या जोनी मिचेल.

त्यांचे मूळ नाव रॉबर्टा जोन अँडरसन. ७ नोव्हेंबर १९४३ रोजी आल्बर्टा प्रांतातील फोर्ट मॅकलाउड या गावी त्यांचा जन्म झाला आणि बालपण मुख्यत्वे शेजारच्या सॅस्कॅच्युअन प्रांतातील सॅस्काटून शहरात, कॅनडाच्या सपाट गवताळ प्रदेशात गेले. नवव्या वर्षी त्यांना पोलिओ झाला. त्यातून त्या बऱ्या झाल्या, पण डाव्या हाताची शक्ती उणावली, आणि या उणिवेचा त्यांच्या संगीताशी पुढे फार जवळचा संबंध आला. त्यांची पहिली ओढ चित्रकलेची होती. कॅल्गरीच्या कला महाविद्यालयात त्या काही काळ शिकल्याही. गाणे हा आरंभी छंद आणि हातखर्चाचे साधन एवढेच होते, आणि वाद्यही गिटार नव्हे, तर बॅरिटोन युकेलेली, म्हणजे गिटारच्या कुळातील चार तारांचे लहान वाद्य.

२०२० च्या ऑक्टोबरमध्ये ऱ्हायनो कंपनीने प्रकाशित केलेला पहिला संच येथूनच सुरू होतो. ‘जोनी मिचेल आर्काइव्ह्ज, खंड १ : द अर्ली इयर्स’ हे त्याचे नाव असून १९६३ ते १९६७ ही पाच वर्षे त्यात आली आहेत. सॅस्काटूनच्या सीएफक्यूसी या रेडिओ केंद्रात १९६३ मध्ये मुद्रित झालेल्या नऊ गाण्यांपासून तो सुरू होतो. विशीच्या उंबरठ्यावरची ही मुलगी त्या वेळी केवळ पारंपरिक आणि इतरांची गाणी गात होती. स्वतःचे एकही गाणे तिच्याजवळ नव्हते. आवाज स्वच्छ, उंच पट्टीचा, काळाच्या रीतीप्रमाणे थोडा घडवलेला. त्याच चळवळीतल्या अनेक तरुणींच्या आवाजांतून तो वेगळा ओळखता यावा असे त्यात अजून फारसे काही नाही. नेमकी हीच गोष्ट या फितीला मोलाची करते. पुढे ज्या प्रतिभेला असामान्य म्हटले गेले ती जन्मतः तयार स्थितीत आली नव्हती, आणि ती कोठून कोठवर चालत आली हे या फितीमुळे प्रत्यक्ष कानांनी मोजता येते.

यानंतरची दोन वर्षे कष्टाची होती. मिचेल टोरांटोला आल्या आणि यॉर्कव्हिल भागातील कॉफीहाउसांमध्ये गाऊ लागल्या. फेब्रुवारी १९६५ मध्ये त्यांनी एका मुलीला जन्म दिला. अविवाहित, पैशाने नडलेल्या आणि घरच्यांना काहीही न कळवलेल्या त्या तरुण आईने पुढे मुलीला दत्तक दिले. मायलेकींची पुन्हा भेट व्हायला १९९७ साल उजाडावे लागले. त्याच वर्षी, म्हणजे १९६५ मध्ये, चक मिचेल या गायकाशी विवाह करून त्या अमेरिकेतील डेट्रॉइटला गेल्या. हा विवाह दोन वर्षांत संपला. आडनाव मात्र राहिले. गाणी येऊ लागली ती याच काळात. संचातील १९६५ च्या फितींमध्ये आई मर्टल अँडरसन यांच्या वाढदिवसासाठी मुद्रित करून पाठवलेली एक फीत आहे आणि तीत ‘अर्ज फॉर गोइंग’ हे हिवाळ्याच्या चाहुलीवरचे गाणे आहे. अवघ्या दोन वर्षांपूर्वी इतरांची गाणी गाणारी व्यक्ती एवढे पक्व गीत लिहिते, हा बदल इतका मोठा आहे की या मधल्या फिती ऐकल्याशिवाय त्यावर विश्वास बसणे कठीण आहे.

या बदलामागे एक तांत्रिक कारणही होते, आणि ते समजून घेतल्याशिवाय मिचेल यांचे संगीत पुरते कळत नाही. गिटारच्या सहा तारा सामान्यतः ठरलेल्या सहा स्वरांना जुळवलेल्या असतात, आणि हव्या त्या स्वरसमूहासाठी डाव्या हाताची बोटे निरनिराळ्या आकारांत दाबावी लागतात. पोलिओने दुबळ्या झालेल्या हाताला हे आकार जड जात. एरिक अँडरसन या गायकाने त्यांना ‘ओपन ट्यूनिंग’ दाखवले. यात तारांची जुळणीच अशी बदललेली असते की एकही तार न दाबता छेडले तरी सुसंवादी स्वरसमूह उमटतो. ज्याप्रमाणे रागात पंचम वर्ज्य असला की तंबोऱ्याची पहिली तार मध्यमाला लावतात आणि तेवढ्याने गाण्याचे सारे वातावरण पालटते, तसे येथे प्रत्येक गाण्याचे होऊ लागले. मिचेल यांनी पुढे पन्नासहून अधिक जुळण्या वापरल्या आणि त्यांपैकी बऱ्याच स्वतः शोधल्या. त्यामुळे त्यांची स्वररचना अनपेक्षित वळणे घेऊ लागली. पुस्तकी व्याकरणात न बसणारे, जणू प्रश्न विचारून थांबलेले स्वरसमूह त्यांत सहज येऊ लागले. शारीरिक मर्यादेतून एखादी संपूर्ण शैली जन्माला यावी अशी उदाहरणे संगीताच्या इतिहासात थोडी आहेत.

१९६६–६७ मध्ये या गाण्यांना मागणी आली, परंतु ती गाणाऱ्या बाईंना नव्हे, गाण्यांना. ‘अर्ज फॉर गोइंग’ हे गाणे जॉर्ज हॅमिल्टन चौथे या कंट्री गायकाने लोकप्रिय केले, बफी सेंट-मरी यांनी ‘द सर्कल गेम’ गायले, आणि टॉम रश यांनी त्याच गाण्याचे नाव आपल्या १९६८ च्या अल्बमला दिले. विमानाच्या खिडकीतून खाली ढग पाहताना, सॉल बेलो यांची ‘हेंडरसन द रेन किंग’ ही कादंबरी वाचत असता सुचलेले ‘बोथ साइड्स, नाऊ’ ज्युडी कॉलिन्स यांच्या आवाजात १९६८ मध्ये अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या दहांत गेले. म्हणजे मिचेल यांचा स्वतःचा पहिला अल्बम येण्याच्या सुमारास त्यांची गाणी इतरांच्या नावाने घरोघर पोहोचू लागली होती. त्यांनी या काळात एक दूरदर्शी गोष्ट केली: गाण्यांचे प्रकाशनहक्क विकून न टाकता स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. तरुण गीतकारांचे हक्क कवडीमोलाने जाण्याच्या त्या दिवसांत हा निर्णय विशेष होता.

खंड १ मधील सर्वांत समृद्ध भाग १९६७ च्या ऑक्टोबरचा आहे. मिशिगन राज्यातील ॲन आर्बर येथील कँटरबरी हाउसमध्ये एका रात्री तीन सत्रांत झालेला हा कार्यक्रम तीन तबकड्यांच्या वेगळ्या संचाच्या रूपानेही निघाला. गाण्यागाण्यांमध्ये जुळणी बदलावी लागे, आणि तेवढ्या वेळात श्रोत्यांशी बोलण्याची सवय मिचेल यांना लागली होती. त्या गप्पा येथे राखल्या आहेत. तारा पिळल्याचे आवाज, मधूनच आलेले हसू, एखाद्या गाण्याची जन्मकथा आणि मग अचानक सुरू झालेले ते गाणे या क्रमाने ऐकताना लक्षात येते की पुढच्या चार अल्बमांतील कितीतरी गाणी त्या वेळी तयार होऊन बसली होती. सुमारे सहा तासांच्या या संपूर्ण संचात २९ स्वरचित गाणी अशी आहेत, की जी मिचेल यांच्या आवाजात तोपर्यंत प्रकाशितच झाली नव्हती. २०२२ मध्ये या संचाला सर्वोत्तम ऐतिहासिक अल्बमचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले.

या संचाच्या बाबतीत एक तक्रार मात्र नोंदवायला हवी. संपूर्ण सामग्री पाच सीडींवर मिळते. तबकड्यांवर मात्र १९६३ चे रेडिओमुद्रण आणि १९६७ चा कँटरबरी हाउसचा कार्यक्रम एवढेच त्या वेळी आले. दोन टोके मिळाली आणि मधला, गीतकार घडत असतानाचा काळ तबकडीप्रेमींच्या हातून निसटला. ज्या घरगुती फितींमध्ये गाणे रचणारी व्यक्ती प्रथम दिसते, त्याच वगळल्या जाव्यात हे खेदाचे आहे.

मिचेल यांनी दीर्घकाळ या आरंभीच्या मुद्रणांकडे पाठ फिरवली होती. आपल्याला ‘लोकगायिका’ म्हणणे त्यांना मान्य नव्हते, कारण पुढे जॅझच्या प्रदेशात खोलवर गेलेल्या कलावंताला ते लेबल अपुरे वाटत होते. संचाच्या निमित्ताने या फिती पुन्हा ऐकल्यावर त्यांचे मत पालटले, आणि आपल्या सुरुवातीला आपण क्षमा केली अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. २०१५ मध्ये मेंदूतील रक्तवाहिनीच्या विकाराने त्या मरणाच्या दारातून परतल्या होत्या आणि बोलणे-चालणे त्यांना नव्याने शिकावे लागले होते, हे ध्यानात घेतले तर या समेटाचे मोल अधिक कळते.

दुसरा संच ‘द रिप्राइज अल्बम्स (१९६८–१९७१)’ या नावाने, ‘ब्लू’ या अल्बमला पन्नास वर्षे झाली त्या २०२१ सालच्या उन्हाळ्यात आला. रिप्राइज ही फ्रँक सिनात्रा यांनी १९६० मध्ये स्थापन केलेली आणि पुढे वॉर्नर समूहात गेलेली कंपनी; मिचेल यांचे पहिले चार अल्बम तिनेच काढले. ‘साँग टू अ सीगल’ (१९६८), ‘क्लाउड्स’ (१९६९), ‘लेडीज ऑफ द कॅन्यन’ (१९७०) आणि ‘ब्लू’ (१९७१) या चार अल्बमांच्या प्रत्येकी १८० ग्रॅम वजनाच्या तबकड्या या पेटीत आहेत. वेष्टनावर त्याच काळात मिचेल यांनी स्वतः काढलेले, पूर्वी न पाहिलेले आत्मचित्र आहे आणि सोबत ब्रँडी कार्लाइल या आजच्या पिढीतील गायिका-गीतकाराचा लेख आहे.

यांतील पहिल्या अल्बमची कथा सर्वांत उद्बोधक आहे. १९६७ मध्ये फ्लोरिडातील एका क्लबमध्ये डेव्हिड क्रॉस्बी या गायकाने मिचेल यांना ऐकले, तो त्यांना कॅलिफोर्नियाला घेऊन आला आणि पहिल्या अल्बमचा निर्माता झाला. त्याची सर्वांत मोठी सेवा नकारात्मक होती: कंपनीने वाद्यवृंदाचा थर चढवू नये म्हणून तो आडवा उभा राहिला, आणि आवाज व गिटार यांचे एकांतपण जपले गेले. परंतु एका प्रयोगाने घात केला. मिचेल यांनी उघड्या ग्रँड पियानोच्या दिशेने तोंड करून गावे, म्हणजे आवाजाने पियानोच्या तारा झंकारतील आणि तो सूक्ष्म अनुनाद जास्तीच्या मायक्रोफोनांनी टिपता येईल, अशी क्रॉस्बीची कल्पना होती. ती सुंदर होती. पण अनुनाद इतका क्षीण होता की तो वाढवताना फितीवरची खरखरही वाढली. खरखर काढण्यासाठी वरच्या कंप्रतेचे स्वर गाळावे लागले, आणि त्यांच्याबरोबर आवाजाची चमकही गेली.

निरनिराळ्या मायक्रोफोनांनी टिपलेले ध्वनी कोणत्या प्रमाणात एकत्र करायचे हे ठरवण्याच्या क्रियेला ‘मिक्सिंग’ म्हणतात, आणि त्यातून तयार झालेल्या अंतिम फितीला वेगवेगळ्या माध्यमांसाठी सिद्ध करण्याच्या क्रियेला ‘मास्टरिंग’. जुन्या अल्बमांच्या पुनःप्रकाशनात बहुधा फक्त मास्टरिंग नव्याने केले जाते. मिक्सला हात लावत नाहीत, कारण तो नव्याने केला की कलाकृतीच बदलते. ‘साँग टू अ सीगल’च्या बाबतीत मिचेल यांनी ही मर्यादा जाणूनबुजून ओलांडली आणि मॅट ली या तंत्रज्ञाच्या साहाय्याने नवा मिक्स केला. मूळ मिक्स आपल्याला कधीच आवडला नव्हता हे त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितले. यावर असा आक्षेप घेता येतो की १९६८ च्या श्रोत्यांनी ज्या धूसरतेवर प्रेम केले ती इतिहासाचा भाग आहे आणि ती पुसण्याचा अधिकार कलावंतालाही नाही. हा आक्षेप जुनी आवृत्ती नष्ट होत असेल तर खरा ठरतो. तशी ती होत नाही, कारण त्या काळच्या तबकड्या अजून फिरत आहेत. शिवाय येथे चोविसाव्या वर्षी केलेल्या कामाची चव वयाच्या सत्याहत्तराव्या वर्षी बदलली असे घडलेले नाही. जे कधीच मनासारखे झाले नव्हते ते अखेर करायला मिळाले, आणि म्हणून ही दुरुस्ती न्याय्य वाटते.

या अल्बमचे आणखी एक वैशिष्ट्य केवळ तबकडीवरच नीट उमगते. लाँगप्ले तबकडी, म्हणजे एलपी, कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये आणली. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या या बारा इंची तबकडीच्या एका बाजूला सुमारे वीस मिनिटांचे संगीत मावते. लाखेच्या जुन्या तबकडीवर जेमतेम तीन मिनिटांचे एक गाणे बसे. एलपीने चार-पाच गाण्यांचा सलग प्रवाह आणि मध्ये एक सक्तीचा विराम असा नवा घाट दिला. मिचेल यांनी पहिल्याच अल्बमात या घाटाचा विचारपूर्वक उपयोग केला. पहिल्या बाजूला शहरात आल्याची आणि दुसऱ्या बाजूला शहरातून समुद्राकडे गेल्याची अशी स्वतंत्र शीर्षके त्यांनी दिली आणि त्यांनुसार गाणी मांडली. इतरांनी गाजवलेले एकही गाणे त्यांनी त्यात घेतले नाही. बाजारपेठेच्या हिशेबाने हा आडमुठेपणा होता, पण त्यामागे अल्बम ही गाण्यांची मोळी नसून एकच दीर्घ रचना आहे ही ठाम धारणा होती. मोबाइलवर सलग ऐकताना ही रचना सपाट होते, कारण तेथे बाजू उलटावी लागत नाही.

तबकडीचा ध्वनी आपोआप श्रेष्ठ असतो, असा समज मात्र या निमित्ताने पसरवण्याचे कारण नाही. तबकडीची खाच बाहेरून आत गुंडाळत जाते आणि फेऱ्यांचा वेग तोच राहत असल्याने सुईखालून सरकणाऱ्या खाचेची गती बाहेरच्या कडेला सेकंदाला सुमारे ५१ सेंटीमीटर असते, तर आतल्या कडेला ती जेमतेम २१ वर येते. म्हणून प्रत्येक बाजूच्या अखेरच्या गाण्यात बारीक स्वर थोडे मळकट होण्याचा धोका असतो. १८० ग्रॅमच्या जाडीमुळे तबकडी सपाट राहण्यास मदत होते, पण खाचेतील माहिती त्याने वाढत नाही. तबकडीचे खरे देणे लक्ष देऊन ऐकण्याच्या शिस्तीत आणि वेष्टनाच्या आकारात आहे. चित्रकार असलेल्या मिचेल यांच्या बाबतीत हा आकार गौण नाही: ‘क्लाउड्स’च्या मुखपृष्ठावर त्यांनी स्वतःचे चित्र रंगवले आहे आणि हातात सॅस्कॅच्युअनचे प्रतीक असलेली लाल लिली दिली आहे.

‘क्लाउड्स’ला लोकसंगीताच्या सादरीकरणाचे ग्रॅमी मिळाले आणि त्याच्या अखेरीस ‘बोथ साइड्स, नाऊ’ प्रथमच रचनाकर्तीच्या आवाजात आले. ‘लेडीज ऑफ द कॅन्यन’मध्ये पियानो पुढे सरकला, दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम हुकू नये म्हणून ज्या वुडस्टॉक महोत्सवाला जाता आले नाही त्यावरचे प्रसिद्ध गीत याच अल्बमात आहे. या दोन्ही अल्बमांत अजून थोडी सजावट आहे. ‘ब्लू’मध्ये ती गळून पडली. हॉलिवूडच्या ए अँड एम स्टुडिओत हेन्री लुई या ध्वनिमुद्रकासमवेत केलेल्या या अल्बमात दहाच गाणी आहेत, काही पियानोवर, काही गिटारवर आणि काही मांडीवर आडवे ठेवून वाजवायच्या ॲपलाचियन डल्सिमरवर. वाद्ये मोजकी, आवाज अगदी जवळ, आणि प्रेमभंग, भटकंती, घराची ओढ यांविषयीचे बोलणे इतके उघडे की त्या काळच्या काही सहकाऱ्यांना त्याने अस्वस्थ केले. प्रकाशनापूर्वी ऐन वेळी दोन जुनी गाणी काढून दोन नवी घातली गेली. काढलेल्यांपैकी एक होते ‘अर्ज फॉर गोइंग’, जे अखेर १९७२ मध्ये एका सिंगल तबकडीच्या मागच्या बाजूला आले. ‘लिटल ग्रीन’ हे दत्तक दिलेल्या मुलीविषयीचे जुने गाणे मात्र अल्बमात राहिले, आणि त्यातील मूळ प्रसंग माहीत नसताना श्रोत्यांनी ते दोन दशकांहून अधिक काळ ऐकले. २०२० मध्ये ‘रोलिंग स्टोन’ नियतकालिकाने केलेल्या सर्वकालीन पाचशे अल्बमांच्या यादीत ‘ब्लू’ तिसऱ्या स्थानी होता.

हे दोन संच ऐकणाऱ्याने तबकड्या प्रकाशनाच्या क्रमाने न लावता एकच गाणे निवडून त्याचा माग काढावा. ‘बोथ साइड्स, नाऊ’ त्यासाठी उत्तम आहे. पहिल्या संचात ते १९६७ चे, जवळजवळ ओल्या शाईचे आहे, तेवीस वर्षांच्या मुलीने आयुष्याविषयी केलेले धाडसी विधान म्हणून. दोन वर्षांनी ‘क्लाउड्स’वर तेच संथ आणि सावध झाले आहे. या संचांच्या बाहेर, २००० मध्ये व्हिन्स मेंडोझा यांच्या वाद्यवृंदरचनेसह मिचेल यांनी ते पुन्हा गायले तेव्हा आवाज बऱ्याच खालच्या पट्टीत उतरला होता आणि तारुण्यात केवळ कल्पनेने लिहिलेल्या शब्दांना अनुभव येऊन मिळाला होता. २४ जुलै २०२२ रोजी न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात, आजारपणानंतर प्रथमच पूर्ण कार्यक्रमासाठी रंगमंचावर येऊन, बसल्या जागेवरून त्यांनी ते आणि ‘द सर्कल गेम’ ही गाणी सादर केली. त्या कार्यक्रमाच्या अल्बमला २०२४ मध्ये जे ग्रॅमी मिळाले ते लोकसंगीताच्या विभागातले होते, आणि एकेकाळी हे नाव झटकून टाकणाऱ्या कलावंताने ते या वेळी आनंदाने स्वीकारले.